उलट्या गुडघ्यांचा रोबोट

"खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो मी! आणि हे खेळणं मला जोडता येणार नाही?"

शमशुद्दीन अत्तारांनी गुरुवारी सकाळी कसबा पेठेतल्या आपल्या घरात ही गर्जना केली, तेव्हा ऐकायला फक्त त्यांची बायको अख्तरबानू होती. ती मेथी निवडत होती.

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली.

"म्हणणार होतीस!"

समोर पलंगावर एक भलामोठा खोका होता. त्यावर एका रोबोटचं चित्र. निळा, पांढरा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल, आणि पवित्रा असा की आत्ता खोक्यातून उडी मारून पलंगाचे दोन तुकडे करील! आत मात्र रोबोट नव्हता, रोबोटचे तुकडे होते. घरी बसून जोडायचे.

हा खोका आणला होता शकीलने. शकील म्हणजे होणारा जावई. मांजरीला राहणारा, कॉम्प्युटर इंजिनिअर, मान खाली घालून बोलणारा गुणी मुलगा. मागच्या महिन्यात त्यांच्या जैनबशी त्याचा साखरपुडा झाला होता. गेल्या रविवारी तो जेवायला आला आणि जाताना हा खोका जैनबच्या हातात देऊन गेला. जैनबने तो कपाटावर ठेवला आणि बुधवारी बँकेच्या ट्रेनिंगसाठी ती नाशिकला गेली. निघण्यापूर्वी ती फोनवर शकीलला हसत हसत म्हणाली, "तुला एकट्याला नाही जमणार हं ते! सांगून ठेवते!"

हे वाक्य शमशुद्दीनभाईंनी ऐकलं. आणि तिथेच घात झाला!

"बिचाऱ्याला जमत नाही," ते अख्तरबानूला म्हणाले. "आणि आपली पोरगी लग्नाआधीच त्याला हसतेय. रविवारी तो येईल तेव्हा रोबोट तयार पाहिजे. जावयाची इज्जत सासऱ्याने नाही राखायची तर कोणी?"

"शकीलला विचारा तरी."

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

खोक्यातून प्लॅस्टिकच्या पंधरा-सोळा चौकटी निघाल्या. प्रत्येक चौकटीला, झाडाला चिंचा लगडाव्यात तसे बारीक बारीक तुकडे लगडलेले. सोबत एक जाडजूड पुस्तक, सगळं जपानीत. शमशुद्दीनभाईंनी ते दोन्ही बाजूंनी उघडून पाहिलं आणि उशाखाली सारलं.

"आधी सगळा माल मोकळा करायचा," त्यांनी जाहीर केलं. "कारखान्याची शिस्त!"

सुपारीचा अडकित्ता घेऊन त्यांनी तासाभरात सगळे तुकडे कापून काढले. वेग असा की चौकातल्या पानवाल्याने हेवा करावा! रिकाम्या चौकटी त्यांनी हातासरशी कचरेवालीला देऊन टाकल्या. मग मांडी ठोकून बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की तुकड्यांचे नंबर तुकड्यांवर नव्हते. चौकटींवर होते.

कचरेवाली तोवर चार गल्ल्या पुढे गेली होती.

पलंगावर आता जवळजवळ तीनशे बेवारस तुकड्यांचा ढीग होता. अख्तरबानूने सूप आणलं, ढीग त्यात ओतला आणि डाळ निवडायला बसावं तशी बसली. निळे इकडे, पांढरे तिकडे, टोचणारे वाटीत.

शुक्रवारी दुपारी शेजारचे गोपाळकृष्ण सर डोकावले. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. शाळा सुटली, पण चुका काढायची सवय सुटलेली नव्हती.

"काय अत्तार, काय जोडताय?"

"रोबोट!"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "अस्सं. मला वाटलं, पडलेलं काहीतरी गोळा करताय."

तरी ते बसले. शमशुद्दीनभाई जोडत, सर नाक मुरडत, आणि अख्तरबानू सुपातून अचूक तुकडा उचलून देत होती. खरं सांगायचं तर छाती आणि डोकं तिनेच जुळवलं. पाय मात्र शमशुद्दीनभाईंनी कोणाला हात लावू न देता एकट्याने केले. शनिवारी दुपारी तीन वाजता रोबोट पुरा झाला!

"आणि हे?" अख्तरबानूने वाटी पुढे केली. वाटीत सतरा तुकडे होते.

"स्पेअर."

"कारखान्यात तोफगोळा भरून झाल्यावर सतरा तुकडे उरले तर काय करायचे हो?"

शमशुद्दीनभाईंनी वाटी बाजूला सारली. ते रोबोट उभा करण्यात गुंतले होते. रोबोट उभा राहीना! समोर तोंड करून ठेवला की मागे पडे, मागे टेकवला की पुढे मुजरा करी. पवित्र्यावरूनही तिघांत जुंपली. शमशुद्दीनभाईंना तो कारखान्याच्या परेडसारखा सावधानमध्ये हवा होता. सर म्हणाले, "एक पाय पुढे, तलवार उंच. चित्रात आवेश लागतो." अख्तरबानू म्हणाली, "बसवा ना त्याला. तीन दिवस दमलाय."

सरांनी वाकून रोबोटचे पाय निरखले. "अत्तार, हा येतोय की जातोय?"

"म्हणजे?"

"तोंड इकडे आहे आणि गुडघे तिकडे वाकतायत. बगळ्यासारखे."

शमशुद्दीनभाईंनी पाहिलं. खरंच होतं! पण चौतीस वर्षांचा फिटर एका ड्रॉइंग मास्तरसमोर हे कबूल करणार?

"जपानी पद्धत आहे ती," ते म्हणाले, आणि त्यांनी एम-सील काढलं.

टाकीची गळती बुजवायचं ते एम-सील! कंबरेला लावलं, गुडघ्यांना लावलं, खांद्यांना लावलं. तरीही तोल सावरेना, म्हणून तळव्यांना लावलं आणि समोर जो लाकडी पाट होता त्यावर रोबोट दाबून धरला. दहा मिनिटांनी हात सोडला. रोबोट उभा! एक पाय पुढे, तलवार वर, गुडघे मागे. कावळा हाकलायला निघालेला बगळा जणू, पण उभा!

"वा!" शमशुद्दीनभाई म्हणाले.

"अहो," अख्तरबानू म्हणाली, "तो माझा पोळपाट आहे."

रविवारी सकाळी अख्तरबानूने ओट्यावर पोळ्या लाटल्या. प्रत्येक पोळीगणिक ती नवऱ्याकडे एकदा बघत होती, आणि पोळ्या बावीस होत्या. अकराला जैनब नाशिकहून आली आणि आंघोळीला गेली. साडेअकराला शकील आला. नवा शर्ट, हातात मिठाईचा पुडा, आणि कधी नव्हे ती मान वर! गोपाळकृष्ण सरही "सहज" येऊन बसले होते.

शमशुद्दीनभाईंनी टीव्हीवर ठेवलेल्या रोबोटवरचा टॉवेल जादूगारासारखा ओढला. "हे बघा, शकीलमियाँ!"

पोळपाटावरचा रोबोट बघून शकील उभा राहिला तो उभाच. आतून केस पुसत आलेली जैनबही दारात थबकली.

"चाचा," शकील हळूच म्हणाला, "हा... पूर्ण झाला?"

"पूर्ण म्हणजे! तीन दिवसांत! आता हलणार नाही, एम-सील लावलंय."

शकीलची मान खाली गेली. "छान झालाय," तो म्हणाला. माणूस मयतीला 'सुटले' म्हणतो, तसा.

"अब्बा!" जैनबचा आवाज कापला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच म्हणालीस ना, त्याला एकट्याला जमणार नाही?"

"एकट्याने जोडायला बसू नकोस, असं म्हणत होते मी! आम्ही दोघं मिळून जोडणार होतो. दर रविवारी थोडा थोडा..." आणि ती भर्रकन आत निघून गेली.

शमशुद्दीनभाई गोंधळले. "मग रविवारी दोघांनी काहीतरी दुसरं करा. त्यात रडायचं काय?"

अख्तरबानूने त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"लग्न किती महिन्यांनी आहे?"

"पाच."

"तोवर तो मुलगा कोणत्या निमित्ताने दर रविवारी मांजरीहून इथे येणार होता? तुमचं तोंड बघायला? अहो, पोरांनी भेटायचं निमित्त शोधलं होतं ते! पाच महिन्यांचे रविवार तुम्ही तीन दिवसांत चिकटवून टाकलेत!"

शमशुद्दीनभाई ओट्याला टेकले. स्वतःच्या साखरपुड्यानंतर ते फातिमानगरहून रास्ता पेठेपर्यंत दर शुक्रवारी सायकल मारत जायचे. कशासाठी, तर होणाऱ्या सासऱ्यांचं घड्याळ दुरुस्त करायला. घड्याळ चालू होतं. हे त्यांना आठवलं आणि कान लाल झाले.

ते बाहेर आले. शकील मिठाईचा पुडा मांडीवर घेऊन बसला होता. सर रोबोटकडे बघत होते, गालातल्या गालात हसत.

शमशुद्दीनभाईंनी घसा खाकरला. एकदा सरांकडे पाहिलं, मग छताकडे.

"शकीलमियाँ," ते म्हणाले, "गुडघे उलटे बसलेत माझ्याकडून."

सरांचं हसू थांबलं. चौतीस वर्षांत हा माणूस असं वाक्य बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"आणि सतरा तुकडे आत जायचे राहिलेत. सगळंच चुकलंय. खोलून परत जोडावा लागेल. मला काही ते जमायचं नाही. तुम्हालाच यावं लागेल." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "दर रविवारी. किती रविवार लागतील?"

शकीलने मान वर केली. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या.

"चाचा, एम-सील म्हणजे..." शकीलने रोबोटचा खांदा बोटाने तपासला, गंभीर चेहऱ्याने. "पाच महिने तरी जातील."

"पाच? सहा धरा! घाई करू नका."

जेवणं झाल्यावर जैनब आणि शकील खिडकीजवळ पोळपाट मध्ये घेऊन बसले. एक ब्लेड, एक घासकागद, आणि खालच्या आवाजात सतत चाललेलं बोलणं. शमशुद्दीनभाई समोर वर्तमानपत्र आडवं धरून बसले होते. तासाभराने त्यांनी कडेने पाहिलं. एक बोट सुटलं होतं. अख्ख्या तासात रोबोटचं एक बोट! आणि ब्लेड तर दोघांनी केव्हाच खाली ठेवलं होतं.

फिटरचा जीव कासावीस झाला. ब्लेड कुठे घालायचं, कसा पीळ द्यायचा, सगळं हाताशी येऊन थांबलं. पण त्यांनी दात आवळले, वर्तमानपत्र उंच धरलं आणि ठरवलं की आज काहीही झालं तरी आपण मध्ये बोलायचं नाही.

आणि बोललेही नाहीत. तब्बल अकरा मिनिटं.