पन्नीतला फिल्टर

वर्कशॉपवाल्यानं गाडीचा एअर फिल्टर बदलायला सांगितला, तेव्हाच मला घोटाळ्याचा वास आला. तीस वर्षं रायपुरात पत्रकारिता केली, ठेकेदारांचे पूल आणि नेत्यांचे जावई उघडे पाडले; आता एक कागदाची जाळी मला लुटणार? फिल्टर स्वतः बाजारातून आणला आणि घरीच बदलायचं ठरवलं. वेळ निवडली बायकोच्या भाचीच्या, ऋताच्या साक्षगंधाच्या सकाळची. (वेळ निवडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.)

"अहो, आत्ता काहून बोनेट खोलून राहिले?" वनमाला दारातून ओरडली. "अंगठी आपल्यापाशी आहे. बाराच्या आत दुर्गला ऋताच्या घरी पोहोचलो नाही तर पोराकडचे काय म्हणतील?"

"पाच मिनिटांचं काम आहे."

"तुमची पाच मिनिटं मी लग्नापासून पाहून राहिली."

जुना फिल्टर निघाला तो तव्याच्या बुडासारखा काळा. कारखान्यांच्या धुरावर मी तिथंच जळजळीत भाषण केलं. (श्रोते: दोन गाई. एक मध्येच उठून गेली.) नवा मात्र पांढराशुभ्र, पारदर्शक पन्नीत गुंडाळलेला. ती पन्नी काढायला हात धजेना. या शहरात उघडी वस्तू दोन दिवसांत कोळसा होते. आमच्या टीव्हीचा रिमोट आठ वर्षं पन्नीत आहे, अजून नवाकोरा! मी फिल्टर पन्नीसकट बसवला.

गाडी खोकत खोकत फाटकापर्यंत गेली आणि मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली.

"पेट्रोलात भेसळ!" मी गरजलो. मागच्या गल्लीत राहणाऱ्या खाद्य निरीक्षक भैय्यालालला फोन लावला; इकडे पेट्रोल पंपही त्याचंच खातं तपासतं. त्याच्या खात्याविरुद्ध मी इतकं लिहिलंय, की माझा आवाज ऐकून तो उभाच राहतो. "फौरन आओ, नहीं तो कल पहले पन्ने पर रहोगे!"

तो सरकारी जीप, ड्रायव्हर आणि नमुन्याच्या बाटल्या घेऊन धावत आला.

"भैया, गाडी में कुछ काम कराया था?"

"कराया नहीं, किया!" मी छाती काढून फिल्टरचा डबा उघडला.

देवश्री, आमची पोट्टी, वाकून पाहू लागली. "पापा! पन्नी क्यों नहीं निकाली?"

"धूळ बसू नये म्हणून."

भैय्यालालनं टोपी काढली. "हव भैया, धूल तो नहीं घुसी. हवा भी नहीं घुसी."

पन्नी ओढायला गेलो, तर तिचा एक तुकडा आधीच नळीत शोषला गेलेला. गाडी आता हलणार नव्हती. वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. (शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.)

"दीदी, आप लोग जीप में बैठिए. ड्राइवर दुर्ग छोड़ देगा," भैय्यालाल म्हणाला.

सरकारी जीपचा खाजगी वापर! एरवी मी आठ कॉलम ठोकले असते. त्या दिवशी दार मीच उघडून धरलं आणि मागोमाग पाय टाकला. तोच खांद्यावर हात पडला.

"आप कहाँ, भैया? शिकायत आपकी है. पंचनामा तो होगा."

झाला. त्यानं पन्नीची लांबी-रुंदीसुद्धा लिहून घेतली.

संध्याकाळी मायलेकी हसतमुखानं परतल्या. अंगठी वेळेत पोहोचली, साक्षगंध थाटात झालं.

"माझं विचारलं कोणी?"

"पोराच्या वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांना सरकारी माणसानं चौकशीसाठी थांबवून ठेवलंय."

"अगं, त्यांना वाटलं असेल मी काही गुन्हा केला!"

"वाटू द्या," बांगड्या काढत वनमाला म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती."