वैशाखातला लोकरीचा कोट

"दहाला खोली सोडायची, दुपारभर उल्हासनगरच्या बाजारात आरामात हिंडायचं, घ्यायचं काही नाही, आणि पाचाला बदलापूरला चिंतामणरावांच्या दारात हजर! आहे काय त्यात?" हेमचंद्रने अशा थाटात सांगितलं, जणू पंचवार्षिक योजनाच जाहीर करत होता!

मालिनीला योजनेत एकच खोट दिसत होती. सामान! एक गच्च होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि कडेवर दहा महिन्यांची चिमी. शिवमंदिराजवळच्या खाणावळीत दोन रात्री राहिले होते दोघं.

"बनूबाई, होल्डॉल तेवढा दुपारपर्यंत राहू द्या की," तिने मालकिणीला विचारून पाहिलं.

"अहो, अकराला वऱ्हाड येतंय. माणसं निजवू की होल्डॉल? हवं तर पोरीला ठेवून जा!" चिमीचा गालगुच्चा घेत बनूबाईंनी खोलीला कुलूप लावलं.

चिंतामणराव कारखान्यातले बडे अधिकारी. त्यांच्या हाताखाली कारकुनाची एक जागा होती आणि हेमचंद्र वर्षभर बेकार होता. आजच्या भेटीसाठी लग्नातला लोकरीचा कोट होल्डॉलमध्ये अगदी वर, घडी घालून ठेवलेला. कोट हवाच होता! आतल्या सदऱ्याची पाठ मालिनीने तीनदा रफू केली होती.

टांगा बाजारात पोचला आणि हेमचंद्र सुटला. एका दुकानात त्याने बारा साड्या उलगडायला लावल्या आणि "रंग भडक आहेत" म्हणून बाहेर पडला. दुसऱ्यात रेडिओचा कान पिळला. तिसऱ्यात फाउंटन पेनने दुकानदाराच्याच वहीवर तीन सह्या ठोकल्या! मागून मालिनी, होल्डॉल आणि चिमी.

तेवढ्यात चिमीने दुपटं भिजवलं. कोरडी दुपटी होल्डॉलच्या तळाशी! मालिनीने एका बंद दुकानाच्या पायरीवर होल्डॉल उघडला. कोट बाहेर, धोतर बाहेर, गोधडी बाहेर. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत घरातलं किडूकमिडूक रस्त्यावर मांडून विकणारी माणसं तिथे पावलोपावली. चिमीला कोरडं करून वर बघते, तर समोर गिऱ्हाइकं!

"गोधडी कितीला गो बाय?" जांभूळ गावाहून आलेल्या कौसाबाईने कोपरा चिमटीत धरला.

"विकायची नाही हो ती!"

"मंग मांडलीस कशाला?"

समोरच्या दुकानातला सिंधी शेठही उठून आला. कोट उजेडात धरून म्हणाला, "छह रुपया."

नेमका तेव्हाच हेमचंद्र परतला. "सहा? अहो, अस्सल लोकर आहे! अस्तर बघा, शिलाई बघा!"

"गर्मी में लोकर कौन पहनेगा, साब? हम तो बस देख रहे थे." शेठ पाठ फिरवून चालू लागला.

झालं! नुसतं बघून जातो म्हणजे काय! हेमचंद्रच्या मस्तकात तिडीक गेली. "ओ शेठ! घ्यायचं नाही तर हात कशाला लावलात? चौदा रुपये! एक पै कमी नाही!"

मालिनी जोरजोरात मान हलवत होती. नको, विकू नका! हेमचंद्रला वाटलं, ती म्हणतेय, भाव उतरवू नका! त्याला दुप्पट जोर चढला.

"आठ."

"चौदा!"

"दस."

मालिनीची मान आता ताकातल्या रवीसारखी फिरत होती.

"चौदा म्हणजे चौदा!"

शेठने चौदा मोजले आणि कोट आपल्या दुकानाच्या दारावर टांगलासुद्धा.

"बघितलंस? एक पैसा नाही सोडला!" हेमचंद्रची छाती फुगली.

"हो. आता पाच वाजता त्या छातीवर काय घालणार?" मालिनी म्हणाली.

छाती एकदम बसली. तो धावत गेला. "शेठ, तो कोट..."

"बाईस," शेठ शांतपणे म्हणाला.

बदलापूरला चिंतामणरावांच्या ओटीवर हेमचंद्र पाठ भिंतीला चिकटवून उभा राहिला. बसायला सांगितलं तरी हलेना. गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात घामाघूम झालेले चिंतामणराव आतून आले. त्यांनी हेमचंद्रकडे नीट पाहिलं. मालिनीने डोळे मिटले. गेली नोकरी!

"अहो, तुम्ही कोट नाही घातलात?" चिंतामणराव ओरडले. "सुटलो बुवा! तुमच्यासाठी अर्धा तास ह्यात शिजतोय मी!" त्यांनी कोट भिरकावला. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीला चांगलं हातभर ठिगळ होतं.

चिमी खुदकन हसली. मग सगळेच हसले, पन्हं आलं, आणि पन्ह्याबरोबर नोकरीही! मालिनीने डोळ्यांना पदर लावला.

"सोमवारी रुजू व्हा," चिंतामणराव म्हणाले. "एकच गोष्ट. कचेरीत कोट सक्तीचा आहे. असेलच ना तुमच्याकडे?"

"आहे तर!" हेमचंद्र म्हणाला. "सध्या उल्हासनगरला टांगलाय."