गणितातले बलभीमराव

ईट गावच्या शाळेत मुख्याध्यापक शांतलिंग सर धापा टाकत सहावीच्या वर्गात शिरले. "श्रावस्ती मॅडम, घात झाला! बलभीमराव निघालेत. हातात तुमचं पुस्तक हाय."

बलभीमराव गावाला दुधाचा रतीब घालत आणि शाळा समितीचे अध्यक्षही होते. समितीची बैठक आजच होती. ते हो म्हणाले तर पुस्तक सगळ्या वर्गांसाठी छापलं जाणार होतं. नाही म्हणाले तर सहावीच्या हातूनही जाणार होतं.

तसं ते पुस्तक मॅडमचं नव्हतंच. कुठल्याशा दूरच्या शिक्षकांनी गणितं रचून इंटरनेटवर फुकट ठेवली होती आणि खाली स्वच्छ लिहिलं होतं: कुणीही घ्या, बदला, वाटा. मॅडमनी घेतलं आणि मनसोक्त बदललं. परक्या नावांना पोरं जांभया देत; त्यांच्या जागी गावातली माणसं आली आणि पोरं गणितं सोडवायला भांडू लागली. त्याच उत्साहात मॅडमनी भेसळीच्या गणितातल्या निनावी दूधवाल्यालाही नाव देऊन टाकलं. गावात दूधवाला एकच. त्याच्या नातीनं काल ते गणित ओसरीवर बसून खड्या आवाजात वाचलं होतं.

"नाव खोडा!" सर म्हणाले.

"सगळ्या पोरांच्या दप्तरात आहे, सर."

"मग आजारी पडा!"

तेवढा वेळ मिळाला नाही. बलभीमराव दारात उभे राहिले. मागोमाग समितीच्या सदस्य मालनबाई आल्या. तमाशा चुकू नये म्हणून चहाचं हॉटेल तसंच सोडून आल्या होत्या.

"मॅडम, हे कुणी लिवलं?"

"मीच बदललं, काका. चुकलं माझं. नाव काढते."

"नाव कशाला काढता? गावात कुणाचं नाव आलंय पुस्तकात?" बलभीमराव गुरकावले. "पर बदलायची परवानगी कुणाची?"

"पुस्तकानंच दिलीय. कुणीही बदलू शकतं."

"कुणीबी?"

"कुणीही."

"मग पेन द्या हिकडं."

सरांनी पेन दिलं. बलभीमराव पोरांच्या बाकावर बसले, चष्मा लावला आणि आकडा खसाखसा खोडला.

"धा लिटरात चार लिटर पाणी? माणसाला काय इज्जत हाय का न्हाय? आई तुळजाभवानीची आण, म्या एकाच्या वर कधी घातलं न्हाय!"

समोरचे चेहरे बघून आपण काय बोललो ते बलभीमरावांच्या हळूहळू ध्यानात आलं. "छापा, साऱ्या वर्गांना छापा," असं पुटपुटत ते उठले. पण दारात मालनबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"मॅडम, कुणीबी बदलू शकतं म्हनलात न्हवं?"

"हो," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"मग एक गणित माझं बी घ्या. मालनबाई रोज बलभीमरावाकडनं धा लिटर दूध घेती. तर नऊ वर्सांत तिनं दूध म्हणून पाणी किती घेतलं?"

"बंद करा! हे पुस्तकच बंद करा!" बलभीमराव ओरडले.

ऐकतो कोण? पोरं वह्या उघडून गणितावर तुटून पडली होती. फळ्याशी शांतलिंग सरही पाठमोरे उभे राहून मुकाट्यानं गुणाकार मांडत होते. त्यांच्या घरी बलभीमरावांचा रतीब लग्नापासून होता.