सासूबाई ओरडल्या, ‘गेला!’

वायरमनच्या परीक्षेत मी पहिल्या फटक्यात पास होणार, याबद्दल गल्लीत कुणालाच शंका नव्हती, कारण मी ती कुणाला ठेवूच दिली नव्हती! इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या हाताखाली राबलो. आता लायसन आलं की मीच मालक!

पुस्तक मात्र बायको वाचायची. भाजी चिरता चिरता मला प्रश्न विचारायची आणि मी जांभई दिली की उत्तरही तीच द्यायची.

प्रॅक्टिकलला जिन्याची वायरिंग हमखास येते. दिवा एक, बटणं दोन. एक खाली, एक वर. म्हटलं, घरात जिना आहे, बल्ब आहे, मग सराव हवेत कशाला करायचा?

नियमाप्रमाणे वरच्या मजल्याचा फ्यूज काढला. जिन्यात स्टूल मांडलं, पक्कड दातांत धरली आणि दोन्ही हातांनी वायर ताणली. वर न्हाणीघरात सासूबाई तोंडाला साबण लावून उभ्या आहेत, हे मला काय माहीत!

“अगं, गेला! गेला गं!” वरून किंकाळी आली.

गेला होता दिवा! पण बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तर मी वायरीला चिकटून ताठ उभा!

“अहो!”

“अं! अं अं!” तोंडात पक्कड असल्यावर माणूस आणखी काय बोलणार?

तिने आधी मेन स्विच पाडला. मग लांब झाडूचा लाकडी दांडा उचलला आणि माझ्या बरगडीत असा हाणला, की पक्कड एकीकडे आणि मी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात भुईसपाट!

“अगं, मी जिवंत आहे!”

“बोलू नका! पुस्तकातला माणूस बोलत नाही!” असं म्हणून ती माझी छाती दाबायला लागली. डोळ्यांतून धारा, पण हात अगदी पुस्तकाबरहुकूम!

तेवढ्यात शेजारचे शिंपीकाका गळ्यात टेप घेऊन दारात आले. “कसा का असेना, माणूस चांगला होता हो!”

“होता काय, काका? आहे!” मी कळवळलो.

मग जिन्यावरून फेसाने माखलेल्या सासूबाई चाचपडत उतरल्या. “अगं, दिवा गेला म्हटलं मी! जावईबापू कुठे आहेत? त्यांना सांग ना बघायला!”

आधी बायकोला हसू फुटलं, मग काकांना. बरगडी धरून मीही हसलो.

परीक्षेत तोंडी प्रश्न आला, “सोबत्याला शॉक बसला तर काय कराल?” मी इतकं जीव तोडून सांगितलं, की साहेबांनी खुर्ची मागे सरकवली! पास झालो!

लायसन आलं त्याच दिवशी शिंपीकाका आले. “इस्त्री तापत नाहीये रे.”

मी ऐटीत टेस्टर उचलला.

“तू बस रे, दमला असशील,” काका आत डोकावत म्हणाले. “सूनबाई आहे का घरात?”