पेंडसेकाकांची आफ्रिकेची तयारी

त्या महिन्यात पेंडसेकाका रोज सकाळी मला दुर्बिणीतून पाहत असत.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत त्यांची गॅलरी माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर येते. मी चहा ठेवायला उठलो की समोर खाकी टोपी, तिच्याखाली दुर्बीण आणि दुर्बिणीमागे काका, जराही न हलता. चौथ्या दिवशी मी जाब विचारायला गेलो. त्यांनी शांतपणे वही उघडली आणि वाचून दाखवलं, "सात वाजून दहा मिनिटं. नर. वय अंदाजे पंचेचाळीस. पाणवठ्यावर आला. हालचाल मंद. अंगावर बनियन."

मग वही मिटून म्हणाले, "आफ्रिकेला जातोय. नजरेला सराव हवा. आपण राग मानू नये, या बाजूला दुसरं जनावर दिसत नाही."

काका एका कारखान्यात माल तपासायला होते. उभी नोकरी नटबोल्ट हातात घेऊन 'रिजेक्ट' म्हणण्यात गेली. निवृत्तीनंतर ते तेच दुधाला, अग्रलेखाला आणि सोसायटीच्या चेअरमनला म्हणत. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा मिलिंद हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत, राहायला बाणेरला. रविवारी यायचा, पण हातातला मोबाइल वाजला की अर्ध्या कपावर उठायचा. सफारीला दोघं जाणार होते.

जंगलात निळा रंग नको, निळ्यावर तिथली चावरी माशी येते, असं कुठंतरी वाचून काकांनी कपाटातले सगळे निळे शर्ट बोहारणीला दिले. लक्ष्मी रोडवर खाकी कपडे मागितले तर दुकानदार वर न बघता म्हणाला, "शाळेचे गणवेश वरच्या मजल्यावर." काका वर गेले आणि दहावीच्या मापाची हाफपँट घेऊन आले. शिवण उसवून पाहिल्यावरच.

पीतज्वराची लस टोचायच्या आधी त्यांनी डॉक्टरांकडून बाटलीवरची मुदत मोठ्यांदा वाचून घेतली. सहलवाल्यांच्या सभेत मॅनेजरने अभिमानाने सांगितलं की जंगलातही रोज वरणभात मिळेल. काकांनी हात वर केला. "सिंहांनाही तेच का?" त्यानंतर त्या सभेत कुणी कुणाला शंका विचारल्या नाहीत.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बसलो असताना मिलिंद आला. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं, की अमेरिकेतल्या क्लायंटचं काम अडकलंय, त्याला निघता येणार नाही. बाबांनी ग्रुपबरोबर जाऊन यावं, सगळी सोय आहे.

आता याची सालटी निघणार म्हणून मी सावरून बसलो. काका रुमालाने दुर्बिणीची काच पुसत राहिले. एक झाली, दुसरी झाली. मग पहिली पुन्हा घेतली. मिलिंद जरा वेळ बघत राहिला, मग मोबाइल घेऊन गॅलरीत गेला. तो साहेबाशी इंग्रजीत भांडत होता. शेवटी त्याचं एकच वाक्य मराठीत ऐकू आलं, "नाही, फोनपण लागणार नाही तिथे."

गेले दोघं. आठ दिवसांनी परतल्यावर मी फोटो पाहायला गेलो. फोटो भयंकर होते. जिराफाला मान नव्हती, झेब्रा उताराला लावल्यासारखे तिरके, सिंहाची नुसती शेपटी. एक मिलिमीटर इकडेतिकडे खपवून न घेणाऱ्या माणसाने काढलेले हे फोटो. मी तसं म्हणालो.

"एका हाताने काढले," काका म्हणाले. "दुसरा हलवता येत नव्हता."

मी घाबरून विचारलं, "पडलात की काय?" तेव्हा कळलं, की दुसऱ्या दिवशी जीप सुरू झाली तसा मिलिंद त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, तो पुढे रोजच. किती महिन्यांची झोप राहिली होती कुणास ठाऊक. एकदा हत्तींचा अख्खा कळप जीपला खेटून गेला. ड्रायव्हर खुणेने सांगत होता, मुलाला उठवा, असं पुन्हा दिसायचं नाही.

"मग उठवलंत ना?"

"हत्ती कात्रजच्या प्राणिबागेतही आहेत," काका फोटो गोळा करत म्हणाले. "हा माझ्या खांद्यावर याआधी झोपला होता, तेव्हा दुसरीत होता."