उघडल्याशिवाय सांगता येत नाही

माणसाने स्वतःच्या हाताने बिघडवलेली वस्तू आणि दुसऱ्याकडून बिघडवून आणलेली वस्तू यांत मूलभूत फरक असतो. पहिलीबद्दल तो पाहुण्यांना सांगतो, दुसरीबद्दल ग्राहक मंचाला. मोटारगाडी ही दोन्ही प्रकारे बिघडवता येत असल्यामुळे, सुशिक्षित माणसाने यांपैकी कोणता मार्ग पत्करावा, हा प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर आजवर शांत डोक्याने विचार झालेला नाही.

मी वजनमापे कार्यालयात निरीक्षक आहे. तराजू खरा आहे का, लिटर लिटरएवढाच आहे का, हे बघणं माझं काम. त्यामुळे पुढे जे आकडे येतील ते मी जातीने मोजलेले आहेत. (जिथे अंदाज आहे, तिथे तोही मीच केला आहे.)

प्रस्तुत प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या भावोजींचं आहे. भावोजी दातांचे डॉक्टर. हात असा हलका, की रुग्णाला दाढ काढल्याचं घरी गेल्यावर कळतं. एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी दोन दारांची, बुटकी, लाल, जुनी पण एकेकाळी फार वेगवान असलेली गाडी घेतली. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, की ती उभ्या जागेवरून चारशे मीटर अंतर पंधरा सेकंदांत कापते. भावोजींना पंधरा सेकंद फार वाटले. एवढी घाई त्यांना कुठे जायची होती, हे ताईने एकदा विचारलं होतं.

सुरुवात रीतसर झाली. शहरात अशा गाड्यांचं एकच नावाजलेलं गॅरेज आहे आणि ते मास्तर चालवतात. मास्तर पूर्वी तंत्रशाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. भावोजी गाडी घेऊन गेले तेव्हा मीही सोबत होतो. मास्तरांनी बॉनेट उघडलं, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं, जीभ टाळूला लावून ‘च्च’ असा आवाज केला आणि हात पुसले.

“काय करावं लागेल?” भावोजींनी विचारलं.

“उघडल्याशिवाय सांगता येत नाही.”

“साधारण किती दिवस?”

“ते पण उघडल्याशिवाय सांगता येत नाही. गाडी ठेवून जा.”

भावोजींचा चेहरा पडला. हे वाक्य त्यांनी स्वतः बावीस वर्षं रोज म्हटलं होतं, पण ऐकलं पहिल्यांदाच. परत येताना म्हणाले, “हा माणूस मला उडवून लावतोय. मी माणसाच्या तोंडात अर्ध्या मिलिमीटरचं काम करतो. रुग्ण हलतो, बोलतो, चावतो. इंजिन काय, मुकाट पडून असतं. मीच करणार.”

या युक्तिवादात चूक काढता येत नाही. मी तेव्हाही काढली नव्हती.

घरामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. ताई शाळेत भूगोल शिकवते. दर रविवारी तिने बॅटरी धरायची, असं ठरलं. (ठरवताना ती हजर नव्हती.) तिने एकच अट घातली: एक वर्ष. जुन्या विमानतळाच्या बंद धावपट्टीवर दरवर्षी गाड्यांच्या वेगाची चाचणी भरते. तिथे गाडी धावली तर ठीक, नाही तर ती असेल त्या अवस्थेत, गोणीत भरून विकायची.

घरच्या घरी काम करण्याचे फायदे शास्त्रशुद्ध आहेत. गॅरेजमध्ये गाडीचं काय झालं हे आपल्याला कळत नाही. घरी ते कळतं, फक्त कुणाला सांगता येत नाही. गॅरेजवाला दिलेली तारीख पाळत नाही. घरी तारीखच द्यावी लागत नाही. शिवाय मार्गदर्शन फुकट असतं. इंटरनेटवर हजारो लोक हे काम करून दाखवतात. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त हात दिसतात, आणि त्या हातांना दहाही बोटं शाबूत असली की भावोजी पुढचा भाग बघायचे.

इंजिनात हवा जाते त्या वाटा गुळगुळीत केल्या की वेग वाढतो, असं एका हातांच्या जोडीने सांगितलं. भावोजींनी दवाखान्यातलं जुनं ड्रिल आणलं, तोंडात घालायचा छोटा आरसा आणला, कपाळाला दिवा बांधला आणि आठ रविवार त्या वाटा घासल्या. मधूनमधून ते सवयीने “दुखलं तर हात वर करा” असं म्हणत. मी पाहिलं तेव्हा त्या वाटा अशा लखलखत होत्या, की त्यांच्या एकाही रुग्णाचं तोंड इतकं स्वच्छ नसेल. वेगावर झालेला परिणाम: मोजता आला नाही, कारण इंजिन तेव्हा गाडीत नव्हतं.

मग वजन कमी करण्याची मोहीम निघाली. मागचं आसन निघालं. ते टाकवेना, म्हणून दवाखान्यात बसायला ठेवलं. आता रुग्ण तिथे पट्टा लावून बसतात. कोणी सांगितलेलं नाही, पण लावतात. आतून ड्रिलचा आवाज आला की पट्टा जरा ओढून घट्टही करतात.

अकरा महिन्यांचा गोषवारा असा. गाडीवर खर्ची पडलेले रविवार: चव्वेचाळीस. गाडी चाललेलं एकूण अंतर: नऊ किलोमीटर, पैकी सहा दोरीने ओढून. ताईने ‘बॅटरी इकडे’ ही सूचना ऐकल्याच्या वेळा: सुमारे दोन हजार शंभर. ‘इकडे म्हणजे कुठे’ हे तिने विचारल्याच्या वेळा: तेवढ्याच. मात्र एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि ती नोंदवणं माझं कर्तव्य आहे. पूर्वी ही दोघं रविवारी एकेका खोलीत एकेक वर्तमानपत्र वाचत बसायची. आता शेडमधून भांडण आणि हसणं इतकं मिसळून ऐकू यायचं, की कोणतं किती टक्के हे माझ्यासारख्या अनुभवी निरीक्षकालाही सांगता आलं नसतं.

इकडे मास्तरांच्या बाबतीत निराळाच प्रकार घडत होता. हा तपशील मला नंतर खुद्द त्यांच्याकडून कळला. चाचणीच्या तीन आठवडे आधी त्यांच्या डाव्या दाढेची कॅप निघाली. भावोजींचा दवाखाना गॅरेजपासून चार मिनिटांवर. पण जो माणूस आपल्याला डावलून स्वतः इंजिन उघडतो, त्याच्यापुढे आपण तोंड उघडायचं? शक्य नाही. आणि शेवटी, मास्तरांनी विचार केला, कॅप म्हणजे काय? झाकण. आयुष्यभर झाकणंच बसवली.

त्यांनी दाढ साफ केली, गॅस्केट चिकटवायची काळी पेस्ट लावली, कॅप बसवली आणि जबडा पान्याच्या मुठीवर दहा मिनिटं दाबून धरला. काम अव्वल झालं. फक्त कॅप जरा उंच बसली, त्यामुळे पुढचे दात मिटेनात, आणि ओठही. फट किती ते मास्तरांनी इंजिनातली फट मोजायच्या पोलादी पट्टीने मोजलंसुद्धा: दीड मिलिमीटर. (मी नंतर पडताळून पाहिलं. बरोबर आहे.) तीन आठवडे त्यांनी पातळ पदार्थांवर काढले, आणि गॅरेजमधली माणसं समजली, मास्तर आपल्याकडे बघून सतत हसतात. कामाचा उत्साह वाढला म्हणतात.

चाचणीचा दिवस उजाडला. धावपट्टीवर चाळीसेक गाड्या रांगेत होत्या. नियम असा, की प्रत्येक गाडी आधी तपासनिसाने पास करायची. तपासनीस अर्थातच मास्तर.

आमची गाडी त्यांच्यासमोर आली. ताई शेजारच्या आसनावर होती. मी माझ्या मोटारसायकलवर मागे. भावोजी खाली उतरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर दात दाखवत होते. भावोजींना वाटलं, चेष्टा चालली आहे.

“बॉनेट उघडा,” मास्तर म्हणाले. पण ओठ मिटत नसल्यामुळे ते ‘गॉनेट उघडा’ असं ऐकू आलं.

भावोजी थबकले. त्यांच्यातला गाडीवाला मागे सरला आणि डॉक्टर पुढे आला.

“मास्तर, तोंड उघडा.”

“आधी गॉनेट.”

“आधी तोंड.”

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. शेवटी ताई खिडकीतून ओरडली, “अहो, दोघं एकदमच उघडा की!”

तसंच झालं. बॉनेट वर गेलं, मास्तरांचा जबडा खाली आला. मास्तर वाकून इंजिनात बघू लागले आणि भावोजी खाली बसून मास्तरांच्या तोंडात. दोघांच्याही हातात बॅटरी होती. मग दोघांनी एकाच वेळी जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि एकाच वेळी विचारलं:

“हे आधी कोणी केलंय?”

सगळ्या कारागिरांचा हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर नेहमी गावातल्या दुसऱ्या कारागिराचं नाव असतं. इथे ती सोय नव्हती.

“मीच,” भावोजी म्हणाले.

“नीच,” मास्तर म्हणाले. त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा रबरी पाइप भावोजींनी वेड्यावाकड्या दातांना लावतात त्या तारेने बांधला होता. बारीक, सुबक, पंचवीस वेढे. “काम देखणं आहे, डॉक्टर,” मास्तर म्हणाले (मी त्यांचे उच्चार दुरुस्त करून देत आहे), “पण गाडीला दात सरळ करायचे नाहीत. दाब आला की हा पाइप निसटणार. मी ही गाडी सोडणार नाही.”

ताईने खिडकीची काच वर घेतली. चव्वेचाळीस रविवार तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. अट तिचीच होती आणि आज ती पाळावी लागेल असं तिला मुळीच वाटलेलं नव्हतं. भावोजींनीही ते पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी कोणाला विनवणी केल्याचं मला आठवत नाही. पण ते हळूच म्हणाले, “मास्तर, मला जमलं नाही. तुम्ही करून द्याल का?”

मास्तरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “चार मिनिटांचं काम आहे. पण डॉक्टर, मला तीन आठवडे नीट जेवता आलेलं नाही.”

मास्तरांनी खिशातून लोखंडी पट्टी काढून पाइपाला आवळली. काम होताच भावोजींनी त्यांना तपासनिसाच्या तंबूतल्या घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि सोबत आणलेली दवाखान्याची पेटी उघडली. मास्तर ताडकन उठले. “ही हत्यारं तुम्ही इंजिनात घातलेली!”

“ती वेगळी. ही सीलबंद आहेत,” भावोजी दुखावल्या स्वरात म्हणाले. “दुखलं तर हात वर करा.”

नेमका त्याच वेळी आमचा नंबर पुकारला गेला. भावोजींची दोन बोटं मास्तरांच्या जबड्यात होती. ती काढता येईनात, कारण मास्तरांनी घाबरून जमेल तेवढं तोंड मिटलं होतं. दुसऱ्यांदा पुकारा झाला. भावोजींनी हताशपणे गाडीकडे पाहिलं, तर ताई शेजारच्या आसनावरून सरकून स्टिअरिंगच्या चाकामागे बसली होती.

“अगं, क्लच जड आहे!” ते ओरडले.

“माहीत आहे. बसवताना बॅटरी मीच धरली होती,” ती म्हणाली आणि गेली.

आवाज असा झाला, की तंबूचे दोर थरथरले. लाल ठिपका लहान होत गेला आणि टोकाला पोहोचला. इकडे कॅप निघाली, मास्तरांचे दात तीन आठवड्यांनी एकमेकांना भेटले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (भावोजींच्याही आलं, त्यांची बोटं मध्ये होती.)

चारशे मीटरला ताईची वेळ पंधरा पूर्णांक एक दशांश सेकंद. पुस्तकातल्या न सुधारलेल्या गाडीपेक्षा एक दशांश जास्त. वजनमाप नियमांनुसार एवढा फरक ग्राह्य त्रुटीत बसतो. सबब, अकरा महिन्यांच्या अथक परिश्रमांनंतर गाडीत कोणताही बदल झालेला नाही, असं मी सहीशिक्क्यानिशी प्रमाणित करू शकतो.

ताई परत आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि ती हसत होती. “विकायची नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी पण मीच चालवणार. तुम्ही बॅटरी धरा.”

तेव्हापासून गाडी मास्तरांकडे आणि मास्तरांची दाढ भावोजींकडे असते. भावोजी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून मास्तरांना सूचना देतात. मास्तर दवाखान्यातल्या खुर्चीवर, तोंड उघडं असेपर्यंत देता येत नाहीत म्हणून, आधीच देऊन ठेवतात. दोघंही एकमेकांचं ऐकत नाहीत, आणि त्यामुळे दोन्ही कामं नीट होतात.

राहता राहिले वाचक. माझ्या पाहणीनुसार ही हकीकत वाचणाऱ्या दर शंभरांपैकी एकाहत्तर जण मध्येच कुठेतरी म्हणाले, “अरे, एवढं साधं होतं, मला विचारायचं.” यांपैकी एकाचाही गाड्यांशी किंवा दातांशी धंद्याने संबंध नाही. उरलेले एकोणतीस समंजस आहेत. ते आत्ता, या क्षणी, जिभेच्या टोकाने आपली मागची दाढ चाचपून बघत आहेत आणि सगळं ठीक आहे असा अहवाल स्वतःच स्वतःला देत आहेत.