राधिकाचा आवाज बसला

राधिकाची मुलाखत कारंजा गावात होती, ठिबकच्या नळ्या आणि मोटारी विकणाऱ्या एका दुकानात. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला तिथं माणूस हवा होता. नोकरी राधिकाचीच, याबद्दल तिच्या गावात, धनजमध्ये, कुणाला शंका नव्हती. ती बोलायला लागली की समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काम उरत नसे.

तरी भगवंतरावांनी पोरीची तयारी मनावर घेतली. सोयाबीन काढणं चालू होतं, म्हणून सराव शेतातच, थ्रेशरशेजारी.

“तुमाले नोकरी काहून पायजे?” भगवंतराव साहेब होऊन विचारत.

राधिका उत्तर देई.

“आयकू नाही आलं. साहेबासमोर असीच पुटपुटशीन काय? मोठ्यानं बोल.”

थ्रेशर बंद होईपर्यंत राधिका मोठ्यानं बोलत राहिली. मुलाखतीच्या दिवशी सकाळी ती उठली, “आई” म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

कस्तुराबाईंनी लेकीला हळदीचं दूध पाजलं. मग मिठाच्या गुळण्या झाल्या. मग वाफ. वाफेच्या पाण्यात बाम जरा सढळ हातानं पडला आणि राधिकाचे डोळे लालभडक होऊन वाहू लागले.

“रडून काहून राह्यली व?” भगवंतरावांनी विचारलं. तिला सांगता येईना.

“राहू दे मंग आज,” कस्तुराबाई म्हणाल्या.

राधिकानं फाइल काखोटीला मारली आणि एसटी गाठली.

दुकानात साहेबांनी नाव विचारलं. ती कसंबसं कुजबुजली. घसा बसलाय हे दाखवायला तिनं गळ्याकडे हात नेला, तेवढ्यात दार ढकलून एक शेतकरी आत आला. इंद्रभान त्याचं नाव. फुटकी नळी त्यानं टेबलावर आपटली.

“तुमी फोन उचलत नाही. माही कपाशी वाळून राह्यली. आता मी इथून हालत नाही.”

“अहो काका, गॅरंटीमध्ये ते...”

“मले बोलू द्याल काय?”

साहेब समजवायला गेले की इंद्रभानचा आवाज आणखी चढे. राधिकाच्या जिभेवर सांगण्यासारखं पुष्कळ आलं होतं, पण घसा साथ देईना. तिनं आपली खुर्ची त्याला दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि ऐकत राहिली. इंद्रभान नळीवरून कपाशीवर आला, कपाशीवरून लाइटीवर आणि लाइटीवरून जावयावर. कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकण्याची राधिकाची ही पहिलीच वेळ. तिला त्यात गोडी वाटू लागली. मधेच तिनं रुमालानं अजूनही वाहणारे डोळे टिपले.

इंद्रभान थबकला. “पाहा साहेब, पोरीच्या डोयात पानी आलं. तुमच्यातल्या एकाच्या तरी आलं काय?” तो उठला, आवाज खाली आणला. “नळी उद्या दिली तरी चालते.”

तो गेल्यावर साहेबांनी फुटकी नळी टेबलावरून उचलली. मग राधिकाला म्हणाले, “कळवतो.”

अर्जावर नंबर भगवंतरावांचा होता. राधिका अजून बसमध्येच होती, तेव्हा शेतात फोन वाजला.

“कारंजाहून बोलतोय. तुमच्या मुलीला आम्ही कामावर घेतोय. इतकी शांत, इतकी मोजकं बोलणारी मुलगी मी पाहिली नाही.”

भगवंतरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“साहेब, नंबर चुकला तुमचा,” ते नम्रपणे म्हणाले आणि फोन ठेवला.

“कोन होतं?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“कोन्या तरी गरीब सोभावाच्या पोरीले नोकरी लागली,” भगवंतराव म्हणाले. “आपल्या पोरीचं काय होते, देव जाने.”